कुलूप तुम्हीच उघडा

दुकानात माझ्या टेबलासमोर एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. तिचा उजवा हात तुटलेला आहे. मालकांनी ती भंगारात द्यायला काढली होती आणि मी ती परत आत आणली होती. या खुर्चीबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहितात ती माणसं नोकरी पुरी करून निवांत झालेली असतात, आणि माझी तर अजून पदवीसुद्धा हातात पडलेली नाही. अंकाचं संपादन करणाऱ्या ताईंना मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "ज्या कामाबद्दल कुणी लिहीत नाही त्याबद्दल लिही." म्हणून बसले आहे लिहायला. आमच्या घरात असं काही लिहिणारी मी पहिलीच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी निपाणीत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मोबाईल दुरुस्त करते. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. बारावीनंतर बेळगावात मुलींसाठी एक प्रशिक्षण निघालं होतं. पिरनवाडीत मावशीकडं राहून मी ते केलं. खरं तर मला शिवणकाम शिकायचं होतं, पण त्या वर्गात जागा उरली नव्हती. मोबाईलच्या वर्गात आम्ही मोजक्या मुली होतो. त्यातल्या कुणी पुढं हातात सोल्डरिंग गन धरल्याचं मला तरी माहीत नाही. त्यामुळं कामातली एखादी अडचण बोलून दाखवावी अशी माझ्या वयाची, माझ्यासारखी कुणी इथं नाही. मी ती अडचण टेबलालाच सांगते म्हणा ना.

दुकानाचे मालक मल्लूअण्णा. एकाच वाक्यात मराठी, कन्नड आणि हिंदी बोलणारा भला माणूस. मला कामावर घेताना ते म्हणाले होते, "बायका फोन घिऊन येत्यात, आत आम्ही गडी बसल्यालं बघत्यात आणि दारातनंच परत जात्यात. तू बसलीस तर आत तरी येतील."

आमचं काम बाहेरच्यांना वाटतं तेवढं गूढ नाही. दहातले बरेच फोन काच फुटली म्हणून येतात. काच, टच आणि चित्र दाखवणारा भाग आता एकत्रच येतो, त्याला आम्ही फोल्डर म्हणतो. ब्लोअरनं गरम करून जुना फोल्डर सोडवायचा, नवा बसवायचा, कडेनं गम लावायचा आणि रबरबँड बांधून ठेवायचा. गम वाळेपर्यंत फोन हलवायचा नाही. गिऱ्हाईक काय करणार तेवढा वेळ? ते बाजाराला जातं. आणि जाताना फोनचं कुलूप आम्हाला सांगून जातं, कारण बसवलेला टच सगळीकडं चालतो का हे उघडून बघावं लागतं. हा सगळीकडचा रिवाज आहे. दुरुस्तीवाला नऊ ठिपके काढतो, त्यावरून गिऱ्हाइकाची रेघ ओढतो आणि तो कागद फोनच्या पाठीला चिकटवतो. माणूस परत येईपर्यंत त्याचा सगळा संसार पाठीवर किल्ली बांधून आमच्या टेबलावर पडलेला असतो.

कुलपांच्या गमती पुष्कळ आहेत. एक गृहस्थ कानाशी येऊन, तोंडावर हात धरून मला चार आकडे सांगून गेले. "कुणाला सांगू नको बरं का, पोरी." ते मोटरसायकलला किक मारून निघाले तेव्हा नंबर प्लेटवर तेच चार आकडे होते. एका घरात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांच्या फोनला एकच रेघ होती, त्यांच्या कुलदैवताच्या नावाचं इंग्रजी पहिलं अक्षर. मी म्हटलं, मग कुलूप कशाला? आजोबा म्हणाले, "चोरासाठी. घरात कसलं आलंय कुलूप?"

त्यांचं खरं होतं. आमच्याही घरात पूर्वी एकच फोन होता, आणि त्याला कुलूप नव्हतं. आई घरी विड्या वळते. फोन तिच्या सुपाशेजारी असायचा आणि ज्याला हवा तो उचलायचा. एकदा वर्गातल्या मैत्रिणीनं मला विचारलं होतं, "आज एवढी गप्प का होतीस?" एवढंच. माझ्या आधी तो मेसेज भावानं वाचला आणि जेवताना मोठ्यानं, माझ्या आवाजाची नक्कल करून वाचून दाखवला. सगळे हसले. मीही हसले. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण त्यानंतर त्या मैत्रिणीला मी फोनवर कधी काही लिहिलं नाही, आणि हळूहळू तिनंही विचारायचं सोडलं.

दुकानात बसायला लागल्यावर हे मला सारखं आठवायचं. एखादी मुलगी रेघ सांगताना आईकडं पाठ करायची. एखादी बाई कागदावर रेघ ओढून द्यायची आणि मग तो कागद माझ्या हातातून कुठं जात नाही ना, अशी नजर लावून बसायची. म्हणून मी एक पद्धत पाडली. कागद घ्यायचाच नाही. कुलूप न उघडता जेवढं तपासता येतं तेवढं मी आधी तपासते. कॅमेरा बंद कुलपावरूनही उघडतो. तातडीच्या कॉलचे आकडे दाबून टच कळतो. माझ्या फोनवरून फोन लावला की आवाज कळतो. उरलेल्यासाठी गिऱ्हाइकानं समोरच्या लाल खुर्चीवर बसायचं, आपल्या हातानं कुलूप उघडायचं आणि माझ्यासमोर सगळीकडं बोट फिरवून बघायचं. बायका रेघ ओढताना पदराची किंवा हाताची आड करतात. त्या वेळी मी खुर्चीच्या तुटक्या हाताकडं बघते. तिथं बघण्यासारखं काही नाही, म्हणूनच.

मल्लूअण्णांना हे पटलं नाही. "अगं, गिऱ्हाईक काय तुझ्यापुढं ठाण मांडून बसणार व्हय? त्यास्नी बाजार न्हाय, एसटी न्हाय?"

"मग परत आल्यावर उघडू देत, अण्णा."

"आणि टच चालला न्हाय तर? परत खोलणार? तुझं कॉलेजातलं कॉलेजात ठेव बाई."

पण त्यांनी बंदी घातली नाही. गडी माणसं चेष्टा करायची. "मॅडम, आमच्यात झाकण्यागत काय बी न्हाय, बिनधास्त बघा." मी मान खाली घालून स्क्रू काढत राहायचे. मला पटकन उत्तर सुचत नाही. सुचतं ते घरी गेल्यावर.

आता शैलाआक्काचं सांगते. तिचं खरं नाव हे नाही.

ती आली त्या दिवशी बाजार होता. ती आत यायच्या आधी तंबाखूचा वास आला. आईच्या लुगड्यालाही तोच वास असतो, म्हणून मी न बघताच ओळखलं की बाई तंबाखूच्या वखारीतली आहे. तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. मी उलटून बघितला. हातातून पडलेल्या फोनची काच बहुधा कोपऱ्यातून तडकते आणि भेगा तिथून पसरतात. या फोनची काच बरोबर मधून फुटली होती. मधून फुटते तेव्हा कशावर तरी आपटलेली असते, किंवा काहीतरी तिच्यावर आपटलेलं असतं. मी नव्या फोल्डरचं माप बघितलं.

"किती येळ लागंल?"

"संध्याकाळपर्यंत देते, आक्का."

"मला बसाय जमायचं न्हाय. वखारीत परत जायाचं हाय, मुकादम बोलतोय. रेघ सांगू व्हय?"

"नको. संध्याकाळी येऊन तुम्हीच उघडा."

तोपर्यंत ती टेबलाकडं बघत बोलत होती. आता तिनं माझ्याकडं बघितलं. पदर खोचला आणि गेली.

तासाभरानं मी फोल्डर बसवला, रबरबँड बांधले आणि डबा उघडला, तेवढ्यात एक तरुण आत आला. मी त्याला ओळखत होते. तो त्याच्या गावातली पोरं घेऊन आमच्याकडं यायचा, कव्हरं, हेडफोन, जुने फोन न्यायचा. मल्लूअण्णांच्या चांगल्या गिऱ्हाइकांपैकी एक.

"मल्लूअण्णा, आमच्या वैनीचा मोबाईल आलाय न्हवं हितं?"

"आलाय की. पोरीनं बसवलाय. संध्याकाळी मिळतोय."

"मिळू दे. जरा उघडून द्या मला. बघायचं हाय."

"काय बघायचं हाय?" मल्लूअण्णांनी विचारलं.

"घरातलं हाय ओ. दादा गोव्याला हाटेलात असतोय. हिकडं वैनी कुणाकुणाशी बोलत बसती, ते बघाय नको?"

मल्लूअण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मी कुलूप घेतलेलंच नाही."

"खोटं नको बोलू. सगळी घेत्यात."

"घेतलं नाही. कागद दिसतोय का कुठं? ज्यांनी फोन दिला त्याच उघडणार."

तो हसला. "मग तुमी दुरुस्तीवाली कशाला हाय? एक कुलूप निघना व्हय?"

"काढलं तर आतलं सगळं पुसून जाईल," मी म्हटलं. ते खरं होतं, आणि त्या क्षणी मला त्या खरेपणाचा फार आधार वाटला. माझ्याकडं द्यायला काही नव्हतंच. पण तो तिथं थांबला नाही.

"बरं मग, सिम काढून दे. सिम तर दादाच्या नावावर हाय."

इथं थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्याकडं बहुतेक बायकांच्या फोनमधलं सिम नवऱ्याच्या, भावाच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतं. दुकानात गेलेला गडी आपला अंगठा देऊन सिम आणतो आणि बायकोच्या फोनमध्ये घालतो. त्यात कुणाला काही वावगं दिसत नाही. पण ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की व्हॉट्सॲपचा खात्री करून घेण्याचा आकडा, म्हणजे ओटीपी, त्या दुसऱ्या फोनवर येतो. तो आकडा घातला की बाईचा व्हॉट्सॲप तिथं सुरू होतो आणि तिच्या फोनवर बंद पडतो. जुनं बोलणं दिसेलच असं नाही, पण त्यानंतर तिला जो कोणी लिहील तो या माणसाला लिहील, आणि त्याला ते कळणारही नाही. फोनचं कुलूप कितीही पक्कं असलं तरी सिम ही मागच्या दाराची किल्ली आहे.

हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तो मागत होता.

मी रबरबँड बांधलेला फोन तळहाताखाली धरला. मी म्हटलं, "फोन आक्कांनी दिलाय. आक्कांनाच देणार."

"दादाचं सिम हाय म्हणतोय न्हवं मी!"

"मग दादांना येऊ द्या. आक्कांना बरोबर घेऊन."

"लई शिकलीस व्हय गं? मल्लूअण्णा, दुकान कुणाचं हाय? हिचं का तुमचं?"

मल्लूअण्णा कन्नडमध्ये मला म्हणाले, दे आणि सोडव एकदाचं. मी हात उचलला नाही. मल्लूअण्णा उठले, चष्मा पुसला, माझ्या टेबलाशी आले, फोनकडं वाकून बघितलं आणि त्या तरुणाला मराठीत म्हणाले, "आत्ता न्हाय जमायचं. गम ओला हाय. सिमचा ट्रे वढला तर फोल्डर उचलंल. नवा घालाय लागंल, मग त्यो तुझ्या गळ्यात."

सिमचा ट्रे आणि फोल्डरचा गम यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. हे मल्लूअण्णांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"मग संध्याकाळी येतो," तो म्हणाला. "त्येवढ्यात फोन कुणाला देऊ नगा."

तो गेल्यावर मल्लूअण्णा म्हणाले, "ह्यात माझं गिऱ्हाईक गेलं. तुझं काय गेलं सांग?"



संध्याकाळी दोघं एकाच वेळी येणार हे दिसत होतं. शैलाआक्काला कळवायचं कसं? तिचा फोन माझ्याच हातात होता. वहीत तिचं नाव तेवढं लिहून घेतलं होतं, ती कुठल्या वखारीत हेही मी विचारलं नव्हतं. गम पुरता वाळला तसा मी फोन पर्समध्ये घातला आणि मल्लूअण्णांना म्हटलं, "जरा जाऊन येते." त्यांनी कुठं ते विचारलं नाही.

निपाणीच्या वखारींच्या रस्त्यानं मी लहानपणी आईबरोबर गेलेली होते. दारादारांत विचारत गेले. कुठं मुकादम खेकसला, कुठं बायकांनी मलाच कामाला आलेली समजून जागा करून दिली. शेवटी एका वखारीत आतून हाक गेली, "शैला, मोबाईलवाली पोरगी आलीया!" आणि सगळ्या बायकांची डोकी वर झाली. ती हाक अशी जायला नको होती. पण दुसरा उपाय काय होता, मला आजही सुचत नाही.

शैलाआक्का तोंडाला बांधलेलं फडकं खाली ओढत फाटकाशी आली. पापण्यांवर तंबाखूची धूळ होती. मी फोन पुढं केला. "उघडून बघा." तिनं पदराआड रेघ ओढली, मी फाटकाच्या कडीकडं बघितलं. फोन चालत होता. मग मी तिला एका दमात सांगितलं, तुमचे दीर आले होते, आधी फोन मागितला, मग सिम मागितलं, सिमनं काय करता येतं, आणि ते अडवायला व्हॉट्सॲपला आपला वेगळा आकडा कसा लावून ठेवायचा. जमलं तर सिम स्वतःच्या नावावर घ्या, असंही म्हटलं. मला वाटलं होतं तिला धीर येईल.

तिचा चेहरा बंद होत गेला.

"तुला कसं ठावं, माझ्या व्हॉट्सॲपात दिराला काय बघायचं हाय?"

"मला नाही माहीत, आक्का. ते म्हणाले म्हणून—"

"तू आत बघितलीस."

"नाही बघितलं."

"बघितल्याबिगर येवढ्या लांब कोण येतंय?"

मी म्हटलं, तुमचं कुलूपच मला ठाऊक नाही. ती म्हणाली, तुमा दुरुस्तीवाल्यांना सगळं येतंय, सगळी म्हणत्यात. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. दिराची होती तशीच, आता माझीही. तिनं ठरलेले पैसे माझ्या हातावर ठेवले आणि फडकं वर ओढून आत गेली. मी फाटकापाशी उभी राहिले. बघितल्याचा पुरावा देता येतो. न बघितल्याचा कुठून आणायचा?

संध्याकाळी तो आला, फोन नाही म्हटल्यावर काउंटरवर हात आपटून गेला आणि पुन्हा आला नाही. त्याच्या ओळखीची पोरंही आली नाहीत. "ती पोरगी बायकांची लफडी झाकती" असं निपाणीबाहेरच्या माझ्या गावापर्यंत पोचलं. मल्लूअण्णांनी मला काढलं नाही. माझं टेबल मात्र आतल्या भिंतीला लावलं, रस्त्यावरून दिसणार नाही असं, आणि लाल खुर्ची बाहेर भंगाराच्या ढिगाजवळ ठेवली. मी ती संध्याकाळी आत आणली. पुढं बरेच महिने त्या खुर्चीत कुणी बसलं नाही. बायका येईनाशा झाल्या होत्या. आई विडी वळता वळता म्हणाली, "बघितलं न्हाईस, ब्येस केलंस. पर कुणाला पटायचं न्हाय बघ." मग सुपातला तंबाखू सारखा केला आणि दुसरं बोलायला लागली.

त्याच सुमारास वर्गात सरांनी खासगीपणाचा हक्क शिकवला. हा हक्क मूलभूत आहे, माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे, डिजिटल युगात तो जपणं ही राज्याची आणि कंपन्यांची जबाबदारी आहे. मी सगळं लिहून घेतलं. परीक्षेत तो प्रश्न आला आणि मला चांगले गुण पडले. उत्तरात दिराचा उल्लेख कुठं बसेल ते मला कळलं नाही. हात वर करून विचारावंसं वाटलं होतं, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं, आणि ते माझं नव्हतं सांगायला. इथं नाव आणि बाकीच्या खुणा बदलून लिहिते आहे, तरी लिहिताना हात थांबतोच.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तंबाखूचा वास आला. शैलाआक्का दारात उभी होती. आतल्या भिंतीशी मला शोधायला तिला थोडा वेळ लागला. ती येऊन लाल खुर्चीवर बसली, तुटक्या हाताच्या बाजूला जरा कलली, सावरली.

"चार्जिंग धरना."

मी बघितलं. "पिन गेलीय. बदलावी लागेल."

"बदल." मग थोड्या वेळानं, जणू पिनबद्दलच सांगतेय अशी, "सिम नवीन हाय त्यात. माझ्या नावावरचं."

मी मान हलवली. चार्जिंगची पिन बदलायला कुलूप उघडावं लागत नाही, हे मी तिला सांगणार होते. पण तिनं आधीच रेघ ओढली होती. उघडा फोन तिनं माझ्या हातात दिला, पिशवी उचलली आणि म्हणाली, "मी भाजी घिऊन येते."

खुर्ची रिकामी झाली. मल्लूअण्णा काउंटरवर कुणाला तरी कव्हर दाखवत होते. फोनचा उजेड माझ्या बोटांवर पडला होता. मी तो फडक्यावर पालथा ठेवला. कडेनं उजेडाची एक बारीक रेघ दिसत राहिली, मग ती गेली. मी स्क्रू काढायला घेतले.

ती आली तेव्हा पिशवीतून मेथी डोकावत होती.

"झालं?"

"झालं. उघडून बघा."

"उघडून दिलतं की मगाशी."

"कुलूप परत लागलं, आक्का."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खुर्ची पुढं ओढून बसली, फोन आम्हा दोघींच्या मधे टेबलावर ठेवला आणि पदराची आड न करता, सावकाश, ठिपक्यावरून ठिपक्यावर बोट फिरवायला लागली.

मी खुर्चीच्या तुटक्या हाताकडं बघत राहिले.